फक्त भांडवलाचं तेवढं

प्रत्येक घराण्यात एकाचा तरी धंदा सुरू होणार असतो. आमच्याकडे तो माझ्या साडूंचा. मी या घराचा जावई झालो तेव्हा तो दिवाळीनंतर सुरू होणार होता. मग पोंगल झाल्यावर. मग पंगुनी महिन्यात कपालीश्वराचा रथ एकदा जागेवर आला की. मग मार्च एंडिंगची गर्दी ओसरली की. कारण मार्चमध्ये बँकवाल्यांना डोकं वर काढायला वेळ नसतो, आणि एप्रिलमध्ये विचाराल तर नव्या वर्षाचं टार्गेट अजून वरून आलेलं नसतं. दरम्यान त्यांची मुलगी शाळेतून कॉलेजात गेली, कॉलेजातून बंगळूरला नोकरीला लागली. धंदा आहे तिथेच आहे, आणि अजून ताजा आहे.

"सगळं तयार आहे रे," ते म्हणतात. "फक्त भांडवलाचं तेवढं बघायचं राहिलंय."

हे 'तेवढं' ते अशा सुरात म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं, पानं वाढून झाली आहेत, डाव्या बाजूला मीठ वाढायचं राहून गेलंय.

सगळं तयार असतं यात मात्र तिळभर खोटं नाही. लेटरहेड आहे. रबरी शिक्का आहे. गोपूर आणि त्यातून वर निघालेला बाण असा लोगो आहे. हॉलच्या भिंतीवर राघवेंद्रस्वामींच्या तसबिरीशेजारी उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र काचेत बसवलेलं आहे. ते सरकार फुकट आणि घरबसल्या देतं, फ्रेमचे पैसे आमच्या मेव्हणीने दिले. आणि पाचशे व्हिजिटिंग कार्डं आहेत, ज्यांवर नावाखाली 'मॅनेजिंग डायरेक्टर' छापलंय. त्या कार्डापायी चेन्नईच्या मैलापुरात त्यांचं खरं नाव मागे पडलं. भाजीवाल्यापासून देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्या म्हातारीपर्यंत सगळे त्यांना 'एमडी सार' म्हणतात. आम्हीही म्हणतो.

एमडी मूळचे तंजावरकडचे मराठी. व्यंकोजीराजांबरोबर साडेतीनशे वर्षांपूर्वी जे लोक कावेरीकाठी आले त्यांच्यातले आपण, असं ते सांगतात. तिकडचं प्रत्येक मराठी घर तसंच सांगतं, त्यामुळे व्यंकोजीराजांबरोबर फारच मोठी माणसावळ आली असली पाहिजे. त्यांच्या मराठीत तमिळ मुरलेली आहे. मी इथे ती माझ्या सोयीने पुणेरी वळणावर आणली आहे, त्यात तिची चव थोडी गेली. "आपले पूर्वज घोड्यावर बसून निघाले तेव्हा कुणी विचारलं होतं का, प्रोजेक्ट रिपोर्ट कुठाय म्हणून?" हा त्यांचा आवडता सवाल. त्यावर आमची मेव्हणी, म्हणजे सगळ्यांची अक्का, स्वयंपाकघरातून म्हणते, "त्यांच्याकडे घोडा तरी होता."

आता धंद्याविषयी. आजवर बरेच होऊन गेले. बाटलीबंद कॉफीचं डिकॉक्शन झालं (ते दुसऱ्याच कुणी बाजारात आणलं, तेव्हा एमडींनी घरात दोन दिवस सुतक पाळावं तसं मौन पाळलं). मग रसवांगी, पिठलं, डांगर यांची तयार पिठं विकणारा तंजावरी मराठी ब्रँड झाला. सध्याचा प्रकल्प, आणि हा बराच टिकला आहे, घडीच्या गोलू-पायऱ्या भाड्याने देण्याचा.

कल्पना वाईट नाही, हे मला कबूल करायला हवं. नवरात्रात इथे घरोघरी गोलू मांडतात: तीन, पाच, सात, नऊ अशा विषम संख्येच्या पायऱ्या, त्यावर पांढरं कापड, त्यावर बाहुल्या. नवरात्राआधी देवळाच्या उत्तर माडवीथीवर रस्त्याच्या कडेला बाहुल्यांचा बाजार भरतो, तेव्हा तिथून चालणं मुश्किल होतं. बाहुल्या सगळ्यांकडे आहेत. अडचण पायऱ्यांची. जुन्या घरांत माळे होते, आता दोन खोल्यांचे फ्लॅट. लोक पत्र्याच्या ट्रंका, शिवणयंत्र, कायद्याची जुनी पुस्तकं रचून पायऱ्या करतात आणि सातव्या दिवशी दशावतारातला वामन घरंगळतो. तेव्हा घडी होणाऱ्या, हलक्या, घरपोच येणाऱ्या आणि विजयादशमीनंतर घरातून जाणाऱ्या पायऱ्या. हे सांगताना एमडी हातांनी हवेत पायऱ्या उलगडून दाखवतात, आणि खरंच डोळ्यांपुढे नऊ पायऱ्या उभ्या राहतात.

हा प्रकल्प घेऊन ते एका बँकेत गेले. तिथल्या मॅनेजर नव्याने बदलून आलेल्या, कोल्हापूरच्या निघाल्या. एमडींना आभाळ ठेंगणं झालं. आपलंच माणूस! बाईंनी कॉफी मागवली, अठ्ठेचाळीस पानांचा रिपोर्ट मनापासून चाळला, आणि विचारलं, "काका, नवरात्र नऊ दिवसांचं. उरलेले 356 दिवस या पायऱ्या काय करणार?"

"चपलांचा स्टँड," एमडी म्हणाले.

"नऊ पायऱ्यांचा?"

"एकत्र कुटुंबासाठी."

बाई सज्जन होत्या. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "असं करू. मुद्रा योजनेत बसवू. शिशु गटात 50,000 पर्यंत मिळतील, तारण नको. छोटी सुरुवात करा." इथे सगळं बिनसलं. मुद्रा योजनेत 2015 सालापासून कर्जाचे गट आहेत: 50,000 पर्यंत शिशु, त्यापुढे 5 लाखांपर्यंत किशोर, 10 लाखांपर्यंत तरुण. एमडींनी तेव्हा नुकतीच साठी ओलांडली होती. "मी शिशु?" ते घरी येऊन थरथरत म्हणाले. "ती पोर मला शिशु म्हणाली." 2024 मध्ये 20 लाखांचा 'तरुण प्लस' गट निघाला तेव्हा आपल्यासाठीच निघाला अशी त्यांची खात्री झाली. पण त्यात मेख अशी की आधी 'तरुण' गटाचं कर्ज घेऊन फेडलेलं असावं लागतं. म्हणजे तरुण प्लस व्हायला माणूस आधी तरुण होऊन गेलेला असावा लागतो, आणि सरकारच्या दप्तरी एमडी कधी तरुण नव्हतेच.

दप्तरी ते तसे कुठेच नाहीत. सिबिलचा स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो. एमडींना स्कोअरच नाही. सारी उमर कर्ज शोधण्यात घालवलेल्या या गृहस्थाने एक रुपया कर्ज कधी घेतलेलं नाही. "निष्कलंक!" ते छाती काढून सांगतात. बँकेच्या लेखी निष्कलंक आणि अनोळखी यांत फरक नसतो, हे त्यांना पटत नाही.

नव्या उद्योगांना अनुदान देणाऱ्या पीएमईजीपी योजनेचा त्यांचा अभ्यास तर असा आहे की गिंडीच्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्याने मध्येच खडू त्यांच्या हाती दिला. सर्वसाधारण गटाला शहरात 15 टक्के अनुदान, ग्रामीण भागात 25; सेवा उद्योगाला प्रकल्पाची मर्यादा 20 लाख, उत्पादनाला 50. मग पायऱ्या भाड्याने देणं ही सेवा, की पायऱ्या बनवणं हे उत्पादन? यावर त्यांनी मला एकदा लझ कोपऱ्यापासून थेट समुद्रापर्यंत चालवत नेलं. 25 टक्क्यांसाठी चेंगलपट्टूपलीकडच्या एका खेड्यात शेड भाड्याने घ्यायचंही ठरलं होतं. पण त्या योजनेत प्रकल्पाच्या 10 टक्के रक्कम अर्जदाराने स्वतः घालायची असते. एमडींना ही अट मुळातच अपमानकारक वाटली. "मीच पैसे घालायचे तर मी यांच्याकडे गेलो कशाला?"

जुन्या चालीच्या निधी संस्थाही इथे आहेत, पण निधी फक्त सभासदांना कर्ज देते, आणि बहुधा सोनं किंवा घर ठेवून घेते. हे समजावून सांगताना एमडींची नजर सहज अक्काच्या बांगड्यांकडे गेली. अक्काने एमडींकडे पाहिलं. तो विषय तिथेच संपला. चिट फंडाचा, म्हणजे आपल्या लिलावाच्या भिशीचा, प्रकारही त्यांना पसंत नाही. वीसजणांनी दरमहा 5,000 घालायचे आणि ज्याला निकड जास्त त्याने जास्तीत जास्त सूट बोलून लाखाचा डाव उचलायचा. "म्हणजे मी गरजू आहे हे चारचौघांत ओरडून सांगायचं?" ते म्हणतात. एमडी गरजू नाहीत. त्यांना फक्त भांडवल हवं आहे.

म्हणून ते एंजल शोधतात. चेन्नईत एंजल गुंतवणूकदारांची रीतसर मंडळी आहेत, 2007 पासून. पण ती ऑनलाइन अर्ज मागवतात, आणि एमडींचा भर समक्ष भेटीवर. रायर मेसच्या बाहेर सकाळी इडलीसाठी ताटकळणारी रांग त्यांना नेटवर्किंगला उत्तम वाटते, कारण तिथून कुणी पळून जात नाही. पंगुनी उत्सवात त्रेसष्ट नायन्मारांच्या मूर्ती पालखीतून निघतात तेव्हा सगळं मैलापूर रस्त्यावर येतं, आणि दानशूर लोक मांडव घालून ताक आणि भात वाटतात. एका वर्षी एमडींनीही ताक वाटलं. प्रत्येक पेल्याला खाली त्यांचं कार्ड चिकटवलेलं. दही अक्काच्या पगारातून आलं होतं. ती शाळेत गणित शिकवते, तेव्हा या घरातली बिनव्याजी, बिनतारणी गुंतवणूक आजवर किती झाली ते तिला तोंडपाठ असणार, पण तिने कधी सांगितलेलं नाही. त्रेसष्ट संत डोळ्यांपुढून गेले, एंजल एकही थांबला नाही. दुसऱ्या दिवशी एका कॅटरिंगवाल्याचा तेवढा फोन आला: ताक छान होतं, ऑर्डर घेता का?

त्यांचं खरं ऑफिस नागेश्वर राव पार्कमधलं चिंचोळं बाक. तिथे निवृत्त मंडळी जमतात: ऑडिटर, इंजिनिअर, एक जिल्हा न्यायाधीश. एमडी तिथे पिच देतात, आणि त्यासाठी त्यांना बागेचं नावही पुरतं. "हे नागेश्वर राव कोण? अमृतांजनवाले! 1893 साली मुंबईत बाम काढला. गाण्याच्या मैफलींत फुकट वाटला म्हणतात. पुढे कंपनी इथे आली, मैलापुरात. मी तर आधीपासूनच मैलापुरात आहे. म्हणजे अर्धं काम झालंच ना?"

टीव्हीवर शार्क टँक आल्यापासून पिचला धार चढली. 25 लाखांना 2 टक्के, असं ते सांगतात. हे प्रथम ऐकलं तेव्हा बायकोच्या मामांनी कानातलं यंत्र नीट बसवून विचारलं, "मग बाकीचे 98 कुठे ठेवलेत?"

2024 च्या ऑगस्टमध्ये मात्र पार्कात शांतता पसरली. इथल्याच, दीडशे वर्षांपूर्वी सुरू झालेल्या एका निधी संस्थेच्या मॅनेजिंग डायरेक्टरला ठेवीदारांच्या तक्रारींवरून अटक झाली. बाकावर पैशाची गोष्ट काढायची सोय राहिली नाही. एमडींची आणखी पंचाईत. रस्त्यात कुणी लांबून "एमडी सार!" अशी हाक मारली की चार माना वळायच्या. त्यांनी नवी कार्डं छापली, 'फाउंडर'. पण हाक काही बदलली नाही.

माझा अंदाज होता, आता तरी माणूस खचेल. त्या संध्याकाळी त्यांनी मला लझला रानडे ग्रंथालयासमोर नेऊन उभं केलं. न्यायमूर्ती रानडे 1901 मध्ये गेले, आणि त्यांच्या नावाचं हे ग्रंथालय मैलापूरचे वकील व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांनी पुढाकार घेऊन उभं केलं, हे मला ठाऊक होतं. आपल्या देशात उद्योग का उभे राहत नाहीत, भांडवल जातं कुठे, याचा रानड्यांनी केवढा विचार केला होता! एमडींना पुढचं सांगायचं होतं. "1906 च्या ऑक्टोबरात अर्बथनॉट बुडाली. मोठी इंग्रज पेढी. विधवांचे, पेन्शनरांचे पैसे गेले. लोक म्हणाले, आता कुणावर विश्वास नाही. आणि याच कृष्णस्वामींनी, अशा वेळी, लोकांकडेच भांडवल मागितलं. चेट्टियार आले, वकील आले. 15 ऑगस्ट 1907 ला इंडियन बँक उघडली. वर्षाच्या आत! कळलं?"

"काय?"

"पैसे मागायला याच्यासारखा मुहूर्त नाही."

त्यांच्या डोळ्यांत खरोखर चमक होती. इतिहास असा वापरलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही, पण त्यांच्याजागी मी असतो तर रजई ओढून झोपलो असतो, हेही खरं.

एक गोष्ट एमडी स्वतः कधी सांगत नाहीत, म्हणून मला सांगायला हवी. देवळाच्या पूर्व दारापाशी मोगरा विकणारी बाई आहे. कोविडच्या वर्षी फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना निघाली, तेव्हा तिचा 10,000 चा अर्ज एमडींनी भरला. ते फेडून झाल्यावर 20,000 चा दुसरा. कचेरी रोडमागच्या गल्लीत इडलीची गाडी लावणाऱ्या बाईला मोठा ग्राइंडर हवा होता. दुकानातून कोटेशन आणण्यापासून फोटो काढून घेण्यापर्यंत सगळं एमडींनी केलं. मॅनेजरसमोर ती घाबरून गप्प झाली तेव्हा तिच्या वतीने तांदूळ-उडदाचं प्रमाण, रोजच्या इडल्या, नफा, सगळं एका दमात सांगितलं. शिशु गटात कर्ज झालं. हो, त्याच शिशु गटात. शिंपी, झेरॉक्सवाला, शाळेची रिक्षा चालवणारा, असे कितीतरी. त्यांच्या हातच्या फायली परत येत नाहीत, असं बँकेतला शिपाई सांगतो. इडलीवाली त्यांच्याकडून कॉफीचे पैसे घेत नाही, आणि रोज विचारते, "एमडी सार, तुमचं लोन झालं का?"

"प्रोसेसमध्ये आहे," एमडी म्हणतात.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, हाच धंदा करा की. फायली करून द्यायच्या, दर फायलीमागे फी."

ते दुखावले. "ते वेगळं. तिला ग्राइंडर हवा होता रे. तो काय धंदा आहे?"

मग ती दुपार आली. मामा रेल्वेच्या हिशेबखात्यातून निवृत्त, वय 81, पैसे सगळे पोस्टात. जेवणं झाली होती, पानसुपारी फिरत होती, एमडी चौथ्या वर्षाचा कॅश फ्लो सांगत होते. मामा उठले, आत गेले, चेकबुक घेऊन आले. "जावईबापू, हे घ्या. तीन लाख. करून टाका."

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. एमडींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. इतकी वर्षं बंद दार ठोठावणाऱ्याला दार आतून उघडलं तर तोल सांभाळावा लागतो, तसे ते दोन पावलं मागे सरले.

"मामा, रिपोर्ट वाचलात तुम्ही?"

"कशाला? तुम्ही सांगितलंत ना."

"असं कसं! ड्यू डिलिजन्स नको? टर्म शीट नको? किती टक्के, कोणत्या व्हॅल्युएशनला?"

"मला टक्के नकोत. नवरात्रात पायऱ्या द्या म्हणजे झालं."

एमडी माझ्याकडे वळून कुजबुजले, "असा इन्व्हेस्टर धोकादायक. याला प्रश्नच नाहीत."

चेक त्यांनी घेतला. तो फायलीत प्लॅस्टिकच्या खिशात गेला, आणि त्याची रंगीत झेरॉक्स सगळ्यांना दिसू लागली. पार्कात, मेसच्या रांगेत, नव्या बँकेत. "लीड इन्व्हेस्टर आलाय. आता बाकीचे येतील." एवढी सुखाची तीन महिन्यांची मुदत त्यांच्या आयुष्यात दुसरी नसेल. तीनच महिने, कारण चेक तेवढेच दिवस चालतो. मुदत संपली तेव्हा मामांनी पासबुक भरून घेतलं आणि काहीच बोलले नाहीत. एमडी स्वतःच म्हणाले, "बरंच झालं मामा, आता व्हॅल्युएशन वाढलंय. तेव्हाच्या भावात तुम्हाला द्यावं लागलं असतं."

या वर्षी भाद्रपद संपता संपता मामांनी सुतार बोलावला. एमडींच्या रिपोर्टातलं बाराव्या पानावरचं चित्र त्याच्यापुढे टाकलं, आणि बिजागऱ्यांच्या, घडी होणाऱ्या पाच पायऱ्या करून घेतल्या. खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने त्या नवरात्रासाठी मागून नेल्या. भाडं 500 रुपये, वर रोजचा सुंडलाचा प्रसाद.

अक्काला धास्ती होती, एमडींच्या जिवाला लागेल. त्यांनी ती पाचशेची नोट दोन्ही हातांनी धरून उजेडात पाहिली. नंतर तडक लॅपटॉप उघडला. मागच्या वर्षीचं उत्पन्न शून्य, या वर्षीचं 500. वाढीचा टक्का काढायला गेले तर एक्सेलने चूक दाखवली, कारण शून्याने भागता येत नाही. ती चूक त्यांनी तशीच रिपोर्टात ठेवली आहे, ठळक अक्षरांत.

काल रात्री त्यांचा फोन आला. रविवारी बोर्ड मीटिंग आहे, मामांच्या घरी, गोलूसमोर. मामा चेअरमन. मला इंडिपेंडंट डायरेक्टर केलं आहे. कागदावर सही करायची आहे, आणि येताना केळ्याचे वेफर्स आणायचे आहेत, अर्धा किलो, खोबरेल तेलातले.

"सिटिंग फी किती?" मी विचारलं.

पलीकडे जरा वेळ विचार झाला. "सध्या सुंडल," एमडी म्हणाले. "पुढचा राउंड झाला की बघू."